कागदावर नको

माझ्या सासूबाई शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायच्या, "आमची सून हॉलंडात पोरांना पैसे वाटते." त्यांच्या डोळ्यांपुढे चित्र असं, की मी टेबलामागे बसले आहे, समोर रांग लागली आहे आणि मी मुठी भरभरून देते आहे. सुट्टीत पुण्याला गेले की शेजारपाजारचे लोक आपापल्या भाच्या-पुतण्यांच्या मार्कशीट घेऊन भेटायला यायचे. वाटायचं काम दुसरे लोक करतात, कोणाला देता येत नाही आणि दिलेलं कधी थांबवायचं हे बघणं माझं काम, असं मी त्यांना सांगायचे. हे ऐकलं की लोक चहा अर्धा टाकून उठायचे.

एका डच विद्यापीठाच्या आर्थिक साहाय्य विभागात मी एकवीस वर्षं काढली. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, मुलांची नावंही बदलली आहेत. या अंकाच्या संपादकांनी "काहीतरी खुसखुशीत लिहा, नव्या मुलांना उपयोगी पडेल असं" अशी मागणी केली होती. उपयोगी पडेल असं लिहायचा प्रयत्न करते. खुसखुशीत जमणार नाही.

आधी काम काय ते सांगते. युरोपबाहेरच्या मुलांना इथे फी जबर पडते. त्यातल्या हुशार आणि गरजू अशा थोड्यांना विद्यापीठ फी माफ करतं आणि राहण्याखाण्यापुरती रक्कम देतं. त्यासाठी मार्क बघतात, घरचं उत्पन्न बघतात आणि दुसरीकडून शिष्यवृत्ती घेतलेली नाही ना हे बघतात. एवढं आपल्या मुलांना तोंडपाठ असतं. पण मंजुरीचं पत्र आलं की मुलं पहिल्या पानाचा फोटो काढून घरी पाठवतात आणि मागची चार पानं कोणी उलटत नाही. मिळाल्यावर मुलाने काय काय करायचं, ते त्या चार पानांत असतं. वर्षाचे साठ पॉइंट, म्हणजे अभ्यासाचे क्रेडिट, मिळवायचे. त्यातले निम्मेसुद्धा मिळाले नाहीत तर शिष्यवृत्ती तर जातेच, पण विद्यापीठाला ते इमिग्रेशन खात्याला कळवावं लागतं आणि इथे राहायचा परवानाच जातो. यातून सुटायची वाट एकच आहे. आजारपण असो, घरात काही वाईट घडलेलं असो, ते घडतं आहे तेव्हाच लेखी कळवायचं. निकाल लागल्यावर सांगून उपयोग नाही.

त्या कळवण्यासाठी एक फॉर्म होता. एकच पान. नाव, नंबर, तारीख, 'माझ्या वैयक्तिक परिस्थितीचा अभ्यासावर परिणाम होत आहे' या ओळीपुढे एक चौकोन, आणि सही. कारण लिहायला त्यात जागाच नव्हती. कारण समुपदेशकाला तोंडी सांगायचं, डॉक्टरचं पत्र बंद पाकिटात द्यायचं आणि ते विद्यापीठाच्या डॉक्टरशिवाय कोणी उघडायचं नाही. या फॉर्मबद्दल मी पुढे पुन्हा लिहिणार आहे, म्हणून वाचकांनी तो नीट लक्षात ठेवावा.

माझा बॉस हेन्क. उंच, हडकुळा, रोज एकाच प्रकारचं चीजचं सँडविच खाणारा माणूस. तहसीलदार म्हणजे कोण, हे मी त्याला किती वेळा समजावलं असेल! तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर गोल शिक्का, चौकोनी शिक्का, तिरपी सही आणि वर तिकीट बघून तो म्हणायचा, "सुलभा, या माणसाला नक्की भीती कसली वाटते?" एकदा एका वडिलांनी मुलाच्या नावाने आम्हाला ईमेल लिहिलं आणि खाली 'आपला आज्ञाधारक, एक पिता' अशी सही केली. हेन्कने ते बरेच दिवस भिंतीवर लावून ठेवलं होतं. असे हसायचे दिवसही होते, अगदीच नव्हते असं नाही.

आमच्या इथल्या मराठी मंडळात मात्र माझं नाव 'नियमबाई' पडलं होतं. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण स्वयंपाकघरातून ऐकू यायचं. त्याला कारण निखिल.

निखिल नाशिककडचा, गणपतीत ढोल वाजवणारा, सगळ्यांचा लाडका मुलगा. आमची पूर्ण शिष्यवृत्ती त्याला होती. एक दिवस मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच्या काकांनी पाठवलेलं वर्तमानपत्राचं कात्रण आलं. फोटोत निखिल शाल-श्रीफळ घेऊन उभा, शेजारी फेटेवाले चार पाहुणे, आणि खाली मजकूर की समाजाच्या ट्रस्टने त्याला परदेशी शिक्षणासाठी भरघोस शिष्यवृत्ती दिली. ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस. दुसरी शिष्यवृत्ती घेतली तर कळवायचं, असं त्याच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर लिहिलं होतं आणि त्याने कळवलं नव्हतं. एवढं लपवायचं आणि वर सत्काराला उभं राहून फोटो काढू द्यायचा, हे फक्त आपल्याकडेच होऊ शकतं. काकांना बिचाऱ्यांना काय माहीत!

मी दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी ते कात्रण छापून, खाली भाषांतर लिहून हेन्कच्या टेबलावर ठेवलं. निखिलची आमची शिष्यवृत्ती बंद झाली. ट्रस्टच्या रकमेत भागेना, तो वर्षाच्या मध्येच परत गेला.

पुढच्या गणपतीत मी उकडीचे मोदक करून नेले होते. ताट जसंच्या तसं परत आलं. मंडळाच्या खजिनदारांची बायको, जिच्याबरोबर मी दर आठवड्याला रॉटरडॅमच्या बाजारात भाजीला जायची, ती मला म्हणाली, "सुलभाताई, ऑफिसातलं ऑफिसात आणि मंडळातलं मंडळात ठेवायचं असतं हो. आपल्याच पोराच्या ताटातलं काढून घेतलंत." मला आतून फार लागलं. मी चुकले नव्हते हे मला माहीत होतं, पण त्या ताटातले मोदक घरी येऊन आम्ही नवरा-बायकोने चार दिवस खाल्ले.

ओळखीतली बातमी मी अशी ऑफिसात आणावी, हे हेन्कलाही बरं वाटलं नव्हतं. त्याने नियम केला की मंडळातल्या कोणाचीही फाइल यापुढे सुलभाने बघायची नाही, ती त्याच्याकडे जाईल. मला सुटल्यासारखं झालं.

त्यानंतर दोन वर्षांनी मेघना आली. परभणीची, बंदरं आणि पाण्याचं इंजिनिअरिंग शिकायला. वडील ज्युनियर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. फाइल हेन्ककडे. मला ती भेटली ती मंडळाच्या दिवाळी फराळाला, मी राहते त्या कापेल गावातल्या हॉलमध्ये. कोपऱ्यात उभी राहून चकली खात होती. मी ओळख करून दिली तशी पटकन वाकून पाया पडली आणि म्हणाली, "तुम्हाला मावशी म्हटलं तर चालेल ना?" निखिलच्या प्रकरणानंतर मंडळातल्या कुठल्याही मुलाने मला नात्याने हाक मारली नव्हती. मला मूलबाळ नाही. मी चालेल म्हटलं आणि तिच्या प्लेटमध्ये अजून दोन चकल्या घातल्या.

जानेवारीत माझ्याकडे हळदीकुंकू होतं. बायका गेल्यावर मेघना मागे राहिली. मी नको म्हणत असताना भांडी घासायला लागली. पाठमोरीच होती, नळ चालू होता, आणि ती म्हणाली, "मावशी, मी नोव्हेंबरपासून लेक्चरला गेलेले नाहीये."

मी नळ बंद केला.

"एकाही?"

"सकाळी उठायलाच होत नाही. उठले तर सायकलपर्यंत जाते आणि परत येते. परवा एक्झाम होती, तीपण नाही दिली."

हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरकडे, ती स्वतःहून गेली होती, एवढी शहाणी होती. त्यांनी नैराश्य म्हणून सांगितलं, मानसोपचाराला पत्र दिलं, पण तिथे वेटिंग लिस्ट होती. वडिलांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले होते, कोणाला कळू देऊ नकोस. मोठ्या बहिणीचं, रेणूचं, लग्न जमत आलं होतं, मुलगा डॉक्टर होता. घरात असलं काही आहे म्हटल्यावर जमलेलं मोडेल, अशी त्यांना धास्ती.

"मावशी, मी हे ऑफिसला नाही सांगत आहे हां," मेघना म्हणाली. "मी तुम्हाला सांगतेय. प्लीज, कागदावर नको."

दुसऱ्या दिवशी वडिलांचाच फोन आला. फार अदबीने बोलणारा माणूस.

"ताई, नमस्कार करतो. मी मेघनाचा पप्पा बोलायलो. पोरगी सांगत होती, तुम्ही लई जीव लावायलात."

"तिला बरं नाहीये हो," मी म्हणाले. "औषधाची गरज आहे तिला."

"घ्यावं की औषध, घेऊ द्या. पण ताई, तिथं काही लिहू देऊ नका. एकदा लिहिलं की ते कुठं कुठं जातं, एम्बसीत जातं, इकडं येतं. रेणूचं एकदा होऊन जाऊ द्या. तुम्ही आपलं माणूस आहात. कागदावर काही येऊ देऊ नका."

इथे मी काय म्हणायला हवं होतं ते मला पक्कं माहीत होतं. त्यांच्या मुलीने एका चौकोनात फुली मारून सही केली असती तर पुरेसं होतं. त्यावर आजाराचं नाव येत नाही, ते एम्बसीत जात नाही, परभणीला तर नाहीच नाही. हे वाक्य मी इतक्या वर्षांत शेकडो मुलांना सांगितलं होतं, चिनी मुलांना, नायजेरियन मुलांना, कोणाकोणाला. मेघनाच्या वडिलांना नाही सांगितलं. मेघनालाही नाही.

का नाही? कारण त्या क्षणी मी फॉर्मचं बोलले असते तर पुन्हा नियमबाई झाले असते. कोणी तरी परभणीहून फोन करून मला आपलं माणूस म्हणत होतं, आणि मला ते गोड लागलं. वर मनाशी म्हटलं, पोर वयाने लहान आहे, महिनाभरात उभी राहील, पुनर्परीक्षेत पॉइंट भरून काढील. एवढ्यासाठी बापाचा जीव कशाला टांगणीला लावायचा?

"येणार नाही कागदावर," मी म्हणाले. "शब्द देते."

मग मी मावशीपण मनापासून केलं, ते मात्र कबूल करायला हवं. दर रविवारी मेट्रोने तिच्या खोलीवर डबा घेऊन जायचे. कधी तिला कापेलला आणायचे आणि आयसेल नदीच्या काठाने चालवायचे. ती बोलायची नाही फारसं. वाटेत एखादं जहाज दिसलं की ते कशासाठी वापरतात ते सांगायची, तेवढ्यापुरता चेहरा जागा व्हायचा. एप्रिलमध्ये मला वाटलं, सुधारते आहे. मानसोपचाराची पाळी आली होती, औषधं चालू झाली होती. जूनमध्ये ती दोन परीक्षांना बसली. एकीत नापास झाली, दुसरीत अर्ध्या तासाने हॉलमधून उठून निघून आली. वर्षाचे पॉइंट झाले अकरा, तेही नोव्हेंबरच्या आधीचे.

हेन्कने तिला नियमाप्रमाणे पत्र पाठवलं: निम्मे पॉइंट झालेले नाहीत, काही परिस्थिती होती का, असेल तर ती केव्हा कळवली होती? ते पत्र घेऊन ती माझ्या दारात उभी राहिली. आता कागदावर येऊ दे, म्हणाली. रेणूचा साखरपुडा झाला होता.

फॉर्मवर मी तिची सही घेतली आणि बाकीचं भरायला बसले. तारखेच्या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. जानेवारीची तारीख टाकावी असं फार वाटलं. टाकली असती तर हेन्कने माझ्याकडे एकदा बघितलं असतं, बस. मी नाही टाकली, जूनची टाकली. तो प्रामाणिकपणा होता की भित्रेपणा, मला आजही सांगता येत नाही.

फॉर्म घेऊन मी स्वतः हेन्ककडे गेले आणि सगळं सांगितलं. तो ऐकून घेत राहिला, सँडविच तसंच ठेवून. मग त्याने विचारलं, "जानेवारीत तिने तुला हे कुठे सांगितलं?"

"माझ्या घरी. किचनमध्ये."

"मग तिने तुला सांगितलं. आम्हाला नाही सांगितलं."

"मी इथलीच आहे ना, हेन्क? मला सांगणं म्हणजे ऑफिसला सांगणं नाही का?"

"तू तेव्हा कोण होतीस?"

माझा तोल गेला. मी म्हणाले, "त्या निखिलचं मी मंडळातलं ऐकून ऑफिसात आणलं, ते तू घेतलंस! तेव्हा मी कोण होते, ते नाही विचारलंस!"

"ते कात्रण होतं, सुलभा," तो म्हणाला. "तू मला कागद दिला होतास."

तो दुष्ट नव्हता. प्रकरण त्याने समितीपुढे नेलं, मेघनाच्या बाजूने चांगलं दीड पान लिहिलं, डॉक्टरची पत्रं बंद पाकिटातच जोडली. समितीने मला बोलावून विचारलं की जानेवारीत ही विद्यार्थिनी आजारी आहे हे माहीत असूनही मी तिला फॉर्म का दिला नाही. मी म्हटलं, तिच्या वडिलांना शब्द दिला होता. समितीतल्या तिघांनीही आदराने मान हलवली आणि ते लिहून घेतलं. आजार त्यांना मान्य होता, त्यात वादच नव्हता. वेळेवर कळवलं नाही, कळवणं शक्य होतं, सल्ला देणारी व्यक्ती जवळच होती, असं निकालात लिहिलेलं होतं. ती जवळची व्यक्ती मी. शिष्यवृत्ती रद्द झाली आणि इमिग्रेशन खात्याला पत्र गेलं.

जायच्या आधी मी तिच्याबरोबर खेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, तिचं नाव कमी करायला गेले. काउंटरवरच्या बाईने हसून विचारलं, "देश सोडताय? कायमचं?" मेघनाने हो म्हटलं आणि दाखवलेल्या ठिकाणी सही केली. बाहेर आल्यावर तिने सायकलची किल्ली माझ्या हातात दिली. "कोणाला तरी द्या, नवीन मुलांना लागते," म्हणाली. मी तिला जवळ घेतलं. ती माझ्या मिठीत नुसती उभी राहिली. मला रडू आलं, तिला नाही आलं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. ती कोणालाही दोष देत नव्हती. मला तिने एक शब्द जरी सुनावला असता तर बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात हेन्क म्हणाला की या बाईने आम्हाला तहसीलदार शिकवला. सगळे हसले. जाताना त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की आता नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात तो फॉर्म हातात देतात आणि कारण लिहायचं नसतं हे मोठ्या अक्षरांत छापलं आहे. मी चांगलं झालं म्हटलं.

गेल्या महिन्यात परभणीहून फोन आला. मेघना गेल्यापासून मी तीनदा केला होता, कोणी उचलला नव्हता.

"ताई, नमस्कार करतो. मेघनाचा पप्पा. रेणूच्या लग्नाची तारीख निघाली बघा. तुम्ही आणि साहेबांनी यायचंच."

मी अभिनंदन केलं. मग विचारलं, "मेघना कशी आहे?"

"आहे. घरातच असते. कुणाशी बोलत नाही जास्त. एवढं लग्न होऊ द्या, मग बघू तिचं." मग म्हणाले, "ताई, तुमचे उपकार मोठे आहेत. इतकं झालं, पण तुम्ही शब्द पाळला. इकडं कुणाला काही कळलं नाही. शिक्षण झेपलं नाही, एवढंच सांगितलं आम्ही."

शिक्षण झेपलं नाही. कोपऱ्यात उभी राहून चकली खाणारी ती पोर, जहाजं ओळखणारी, तिच्याबद्दल गावभर हे सांगितलं होतं, आणि हा माणूस त्याबद्दल माझे आभार मानत होता. मला ते सहन झालं नाही. मी त्यांना फॉर्मचं सांगितलं. एकच पान, एक चौकोन, सही. आजाराचं नाव लिहायला जागा नाही. कुठे जात नाही, कोणी वाचत नाही. तेवढं जानेवारीत झालं असतं तर तिचं वर्ष वाचलं असतं.

मग त्यांनी विचारलं,

"म्हणजे आजाराचं लिहावंच लागत नव्हतं?"

"नाही."

"मग ताई," ते म्हणाले, अजूनही तसेच अदबीने, "मी फोन केला तेव्हा तुम्ही मला सांगितलं का नाही?"

उत्तर मला माहीत होतं. फोनवर ते माझ्या तोंडून निघालं नाही. वर लिहिलं आहे तेच ते उत्तर, आणि अंक छापून आला की त्यातली एक प्रत मी परभणीला पाठवणार आहे, मेघनाच्या नावाने.